कल्याणला फुटते, मनमाडला मिळते : गिट शिकवताना

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उल्हास आणि वालधुनी पात्र सोडून कल्याण, उल्हासनगर, बदलापुरात शिरल्या, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि ठाण्या-डोंबिवलीची माणसं रुळांवरून चालत घराकडे निघाली. तळमजल्यावर ज्यांची दुकानं आणि कचेऱ्या होत्या त्यांच्या वह्या, फायली, संगणक पाण्याखाली गेले. ज्यांच्या कागदांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी नव्हती, त्यांचं सगळं लिखाण त्या चिखलात संपलं.

त्याच तारखेला, इथल्या पावसाशी काहीही संबंध नसलेली एक घटना घडली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जेमतेम चार महिन्यांपूर्वी लिहायला घेतलेलं गिट नावाचं साधन सांभाळण्याची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे दिली. हमानो आजही ते सांभाळतात. तारीख जुळली हा योगायोगच. पण एकाच जागी ठेवलेलं सगळं एकाच फटक्यात जाऊ शकतं, ही गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही, आणि गिटच्या मुळाशी तीच आहे.

एखाद्या कामात होत गेलेले बदल, कोणी केले, केव्हा केले आणि कशासाठी केले यांच्यासह जपून ठेवणाऱ्या साधनाला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. अशी साधनं १९७२ पासून आहेत. सीव्हीएस किंवा २००० साली सुरू झालेलं सबव्हर्जन यांत सगळा इतिहास एका मुख्य संगणकावर असायचा आणि काम करणाऱ्याकडे फक्त चालू प्रत असायची. लिनक्सच्या गाभ्यावर जगभरातले शेकडो लोक काम करत होते, त्यांना हे पुरेना. २००२ पासून ते बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन वापरत होते. २००५ मध्ये त्या कंपनीनं फुकट वापराची सवलत काढून घेतली. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्याचं वैशिष्ट्य असं की ‘क्लोन’ केलं की चालू प्रतीबरोबर पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण इतिहास आपल्या संगणकावर येतो. कोणाचीही प्रत दुसऱ्यापेक्षा कमी नसते. डिस्ट्रिब्युटेड म्हणतात ते याला.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हे साधन शिकण्याची गरज किती मुलांना आहे, हे सकाळी ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जाणारी गर्दी पाहिली की कळतं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत पहिल्या आठवड्यात हातात पडतं ते गिट. घोडबंदर रोडपासून डोंबिवली-कल्याणपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, कल्याणला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्रही आहे. विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान शाखेत डेव्हऑप्सची प्रयोगशाळा असते आणि तिच्या प्रयोगांत गिट बसवणं, गिटचं काम ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर खातं उघडणं आणि चीटशीट, म्हणजे कमांडची यादी, हाताशी ठेवून कमांड चालवून पाहणं, हे येतं. अभ्यासक्रमात गिट आलं याचा मला आनंदच आहे. अडचण पुढे आहे. चीटशीटवरच्या कमांड जर्नलमध्ये उतरतात, पडद्याचे फोटो चिकटवले जातात, सही होते, आणि तरीही चौथ्या वर्षाला प्रोजेक्ट करताना चार जणांचा गट कोडची झिप फाइल व्हॉट्सॲपवर फिरवताना दिसतो. कमांड पाठ असतात, पण आपण इतिहासात कुठे उभे आहोत याचं चित्रच डोक्यात नसतं. चित्र नसलं की पडद्यावरचा प्रत्येक लाल शब्द आपल्यावर ओरडतोय असं वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की नवख्या माणसाला आधी चित्र द्यावं, कमांड नंतर. आणि पहिल्या तासापासून दोघांना जोडीनं बसवावं. दुसऱ्या माणसाशिवाय शिकवलेलं गिट म्हणजे फायली साठवण्याची एक अवघड पद्धत, यापलीकडे मुलांना त्यात काही दिसत नाही. ते साधन मुळात दुसऱ्या माणसासाठी आहे.

चित्रासाठी आपल्याला लांब जायला नको. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले. फळ्यावर ही रेघ काढावी. प्रत्येक स्टेशन म्हणजे एक कमिट : त्या क्षणी सगळ्या फायली जशा होत्या, तशी त्यांची पूर्ण नोंद. प्रत्येक कमिटला फक्त आपल्या आधीचा कमिट माहीत असतो, पुढचा नाही. म्हणजे फळ्यावरचे बाण बोरीबंदरकडे, मागे दाखवायचे. हे मुलांना सुरुवातीला उलटं वाटतं. पण कमिट होतो त्या क्षणी पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसतं, तेव्हा तो मागचंच बोट धरू शकतो.

कल्याणला मार्ग फुटतो. एक टिटवाळा, आसनगाव, कसारा करत इगतपुरी आणि नाशिककडे, दुसरा अंबरनाथ, बदलापूर, कर्जत करत पुण्याकडे. इथे शिकवणाऱ्याची बहुधा एक चूक होते. तो सगळ्या मार्गाला ब्रँच म्हणतो. गिटमध्ये ब्रँच म्हणजे मार्ग नव्हे, शेवटच्या स्टेशनावर लावलेली नावाची पाटी. नवं स्टेशन झालं की पाटी उचलून पुढे लावायची, बस. खरोखरच गिटच्या फोल्डरमध्ये ब्रँच ही एवढीशी फाइल असते आणि तिच्यात एका कमिटचा ४० अक्षरांचा ओळखक्रमांक लिहिलेला असतो. हे एकदा उघडून दाखवलं की नवी ब्रँच काढायला क्षणही का लागत नाही आणि ब्रँच पुसली तरी काम लगेच का पुसलं जात नाही, हे दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात. पाटी काढल्यानं स्टेशन पडत नाही.

आता नाशिकला एक जण आणि पुण्याला दुसरा उभा आहे. दोघांनी आपापला मार्ग मागे मागे धरला तर पहिल्यांदा कुठे भेटतील? कल्याणला. यालाच गिटमध्ये मर्ज बेस म्हणतात. दोघांचं काम एकत्र करताना गिट नाशिकची तुलना थेट पुण्याशी करत नाही. कल्याणपासून नाशिकपर्यंत काय बदललं आणि कल्याणपासून पुण्यापर्यंत काय बदललं, हे वेगवेगळं पाहतं. एखादी ओळ एकाच बाजूनं बदलली असेल तर तो बदल घेतं. दोन्ही बाजूंनी सारखीच बदलली असेल तरी हरकत नाही. तीच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर मात्र थांबतं आणि माणसाला विचारतं.

आणि हे मार्ग पुन्हा मिळतात कुठे? मनमाडला. नाशिकचा मार्ग मनमाडला जातो आणि पुण्याहून दौंड, नगर करत आलेला मार्गही तिथेच पोचतो. मनमाडवर उभं राहून ‘मी इथे कसा आलो’ असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात, आणि दोन्ही मागे जाऊन कल्याणला एक होतात. मर्ज कमिट म्हणजे हेच : दोन आधीचे कमिट माहीत असलेला एक कमिट. नवख्या मुलांना मर्ज ही काहीतरी गूढ क्रिया वाटते, ती या चित्रात एक साधं स्टेशन होऊन बसते. चित्र इथवरच चालवावं. रुळांवर गाडी दोन्ही दिशांना धावते, गिटचे बाण मागेच जातात. शिवाय गिटमधला एखादा जुना कमिट बदलायला गेलं तर त्याच्या पुढच्या सगळ्यांचे ओळखक्रमांक बदलतात, तसं रेल्वेत होत नाही.

हा ओळखक्रमांक येतो कुठून, हे दाखवण्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. दोन मुलांनी आपापल्या लॅपटॉपवर एकच वाक्य अगदी अक्षर न् अक्षर सारखं लिहून गिटला त्याचा क्रमांक विचारायचा. दोघांच्या पडद्यावर तीच ४० अक्षरं येतात. दोन यंत्रं एकमेकांशी बोललेली नसतात. क्रमांक कुठल्या रजिस्टरातून दिलेला नसतो, तो मजकुरातूनच गणितानं काढलेला असतो. आता एकानं एक स्वल्पविराम घालायचा. सगळा क्रमांक बदलतो. मग दोघांनी सारखीच फाइल कमिट करायची. मजकुराचा क्रमांक सारखा राहतो, पण कमिटचा वेगळा येतो, कारण कमिटमध्ये नाव आणि वेळही असते. कोणी वरच्या ऑफिसातून क्रमांक वाटत नाही म्हणूनच हजारो लोक एकमेकांना न विचारता काम करू शकतात, हे इथे मुलांच्या लक्षात येतं. पुण्याहून येणारी एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि नेटवर्क गेलं, तरी कमिट होतो.

स्टेजिंगचा भाग अवघड जातो, आणि त्यात दोष मुलांचा नाही. फायलींत बदल केला, त्यातला कोणता पुढच्या कमिटमध्ये घ्यायचा ते ‘ॲड’ करून निवडलं, मग कमिट केला, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. मधल्या पायरीला गिटमध्येच तीन नावं आहेत : इंडेक्स, कॅश, स्टेजिंग एरिया. ‘ॲड’ केल्यावर ‘डिफ’ विचारलं तर गिट काहीच दाखवत नाही आणि मुलाला वाटतं आपलं काम गेलं. ते गेलेलं नसतं. साधा ‘डिफ’ फक्त अजून न निवडलेले बदल दाखवतो. २०१३ मध्ये एमआयटीच्या सॅंटियागो पेरेझ दे रोस्सो आणि डॅनियल जॅक्सन यांनी गिटच्या रचनेतल्या संकल्पना तपासून नेमक्या अशा गुंतागुंतीवर बोट ठेवलं आणि स्टेजिंग नसलेलं ‘गिटलेस’ हे रूप करून दाखवलं. ते फार चाललं नाही, पण शिकवणाऱ्यानं त्यातून एक गोष्ट घ्यावी. मुलं अडखळतात तिथे ‘सोपं आहे रे’ असं म्हणू नये. ते सोपं नाही. प्रत्येक पायरीनंतर ‘स्टेटस’ वाचायची सवय लावावी, आणि मोठ्यानं वाचायला लावावी.

प्रत्यक्ष वर्ग कसा घ्यावा? पहिल्या दिवशी गिटहब नको, इंटरनेटही नको. एक पेनड्राइव्ह पुरे. त्यावर एक रिकामा ‘बेअर’ रेपो, म्हणजे फक्त इतिहास ठेवणारं कोठार, करायचा आणि जोडीतल्या दोघांनी आपलं काम तिथे पुश करायचं म्हणजे पाठवायचं, तिथून पुल करायचं म्हणजे आणायचं. पेनड्राइव्ह या लॅपटॉपातून त्या लॅपटॉपात जातो आणि मुलांना दिसतं की गिट वेगळं, गिटहब वेगळं. एक बारीक अडचण येईल : २०२२ पासून गिट पेनड्राइव्हवरच्या फोल्डरच्या मालकीबद्दल शंका घेऊन काम थांबवतं. पडद्यावरच्या संदेशातच ‘सेफ डिरेक्टरी’ची जी ओळ दिलेली असते ती चालवली की पुढे जाता येतं. संदेश शेवटपर्यंत वाचण्याचा पहिला धडा त्यानिमित्तानं होतो.

फाइल कोडची नको, मजकुराची हवी. डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची तयारी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचंच वेळापत्रक लिहायला द्यावं : जमण्याची वेळ, ठिकाण, ढोल-ताशा पथक, लेझीम, चित्ररथ, पाण्याची सोय. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर. आधी एकानं पाण्याची ओळ बदलावी आणि दुसऱ्यानं लेझमीची. दोन्ही बदल मुकाट्यानं एक होतात. मग मुद्दाम दोघांनी जमण्याची वेळ बदलावी, एकानं सहा, दुसऱ्यानं साडेसहा. दुसऱ्याचा पुश नाकारला जातो. तो पुल करून मर्ज करायला जातो आणि फाइलमध्ये कॉन्फ्लिक्टच्या खुणा उगवतात : सात कोनी कंस, मधे सात बरोबरची चिन्हं, खाली उलटे सात कंस. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याचा हात कीबोर्डवरून मागे जातो. तेव्हा एवढंच विचारावं, यात्रा किती वाजता निघणार हे गिटला कसं कळणार? मग दोघं एकमेकांकडे वळतात आणि बोलतात. वेळ ठरते, खुणा पुसल्या जातात, कमिट होतो. कॉन्फ्लिक्ट म्हणजे बिघाड नाही, तिथे माणसांचं बोलणं व्हायचं राहिलं होतं एवढंच. तो वर्गात, ओळखीच्या माणसाबरोबर, काही बिघडणार नाही अशा फाइलवर आधी अनुभवलेला असावा. नोकरीत शुक्रवारी संध्याकाळी तो पहिल्यांदा भेटू नये.

शिकवण्याच्या दोन रीती मला या कामी उपयोगी वाटतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात गिटवर धडे आहेत. छोटा व्हिडिओ एका बाजूला लावायचा, दुसऱ्या बाजूला आपली खिडकी उघडी ठेवायची, थांबवत थांबवत तेच स्वतः करायचं, अशी त्यांची पद्धत. ज्याला वर्ग मिळत नाही त्याला ती फार सोयीची आहे. दुसरी रीत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ची. शिकवणारा तयार स्लाइड दाखवत नाही, समोर टाइप करतो, चुकतो आणि दुरुस्त करतो. मुलांकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. एक रंग लॅपटॉपवर लावला की ‘झालं’, दुसरा लावला की ‘अडलंय’. भरल्या वर्गात हात वर करायला लाजणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. रंगीत चिठ्ठी लावायला ती लाजत नाहीत.

कसं शिकवावं ते झालं, आता ही नोंद ठेवायची कशासाठी ते. प्रती पसरतात, पण कुठून कुठे पसरल्या याची नोंद राहिली नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राइतकं कोणी भोगलं नसेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती नक्कल करणाऱ्यांच्या हातून शिरलेले पाठभेद दूर करण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. १९२५ ते १९४३ या काळात वि. सी. सुखटणकर यांनी संपादनाची धुरा वाहिली. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली, हे पोथीवर लिहिलेलं नसायचं. एकाच जागच्या चुका, एकाच जागचे जादा श्लोक पाहून विद्वानांनी पोथ्यांची वंशावळ तर्कानं उभी केली. चाळिसांहून अधिक वर्षांच्या त्या कष्टातला फार मोठा भाग एका गोष्टीचा शोध होता : हिच्या आधीची प्रत कोणती? गिटचा प्रत्येक कमिट ही एक ओळ जन्मतःच बरोबर घेऊन येतो. मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण ज्या ओळीकडे ती ‘लॉग’मध्ये बघतसुद्धा नाहीत, तिची किंमत काय आहे ते पुण्यातल्या त्या खोल्यांत कळतं.

डिस्ट्रिब्युटेड असण्याच्या फायद्याचा पुरावा त्यामानानं अलीकडचा. २०१४ सालच्या अखेरीस भारत सरकारच्या आदेशानं ३२ संकेतस्थळं बंद केली गेली. दहशतवादी संघटनेचा मजकूर तिथे ठेवला जातो, असं कारण होतं. त्या यादीत गिटहबही होतं. जानेवारी २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मधल्या दिवसांत गिटहबवरच्या चर्चा आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या, अडल्या, पण ज्यांच्या लॅपटॉपवर क्लोन होता त्यांचा पूर्ण इतिहास त्यांच्याजवळच होता. ते कमिट करू शकत होते, दुसरा कुठलाही संगणक मुख्य धरून काम चालवू शकत होते.

आता मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या खास अडचणी. त्या चीटशीटवर नसतात. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं की ‘स्टेटस’मध्ये नावाच्या जागी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे दिसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि गिट ते बाइट अष्टमान पद्धतीनं लिहून दाखवतं. फाइल खराब झालेली नसते. ‘कोअर’ विभागातली ‘कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव नावासारखं दिसतं. कमिटचा संदेश आणि स्वतःचं नाव मराठीत लिहायला काहीच आडकाठी नाही. काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटक दिसू शकतात, पण साठवलेली नीट असतात.

दुसरी अडचण ओळींची. गिट बदल ओळीनुसार दाखवतं. आपण मराठी परिच्छेद एकाच लांब ओळीत लिहितो, मग एक वेलांटी सुधारली तरी सगळा परिच्छेद लाल-हिरवा होतो. एक तर ‘वर्ड-डिफ’ वापरावा, नाहीतर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावं. नवी ओळ ठेवली की कॉन्फ्लिक्टही कमी होतात, कारण दोघांचे हात एकाच ओळीवर पडत नाहीत.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. ‘येणाऱ्या’ आणि ‘येणार्‍या’ हे शब्द कागदावर जुळे दिसतात. एका कीबोर्डवर त्यातला र खाली नुक्ता असलेल्या वेगळ्या चिन्हानं लिहिला जातो, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला फरक दिसत नाही, बाइट वेगळे असतात. दोघांनी यात्रेचं वेळापत्रक लिहिताना हा शब्द आपापल्या कीबोर्डनं लिहिला तर गिट ‘बदल झाला’ म्हणतं आणि मुलं पडद्याकडे बघत बसतात. मजकुरातूनच क्रमांक निघतो, हा आधीचा प्रयोग इथे पुन्हा उपयोगी पडतो : दोन्ही शब्दांचे क्रमांक काढून बघायचे, ते वेगळे येतात. एकाच कामावरच्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड पद्धत ठरवणं हा यावरचा खरा उपाय आहे, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येक गटानं तो पहिल्या दिवशी करावा.

भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण मुलं गिट टाळतात ती बहुतेक भीतीनं. एकदा कमिट केलेलं काम गिटमधून घालवणं कठीण आहे. चुकून मागे गेलात, पाटी भलतीकडे लावलीत, तरी ‘रिफ्लॉग’मध्ये तुम्ही कुठे कुठे उभे होता याची यादी असते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ब्रँचवरून सुटलेल्या कमिटची नोंदसुद्धा तिथे ३० दिवस राहते. हे पहिल्याच दिवशी करून दाखवावं : मुद्दाम शेवटचा कमिट सोडून मागे जायचं, वर्गाचा श्वास अडकू द्यायचा, आणि रिफ्लॉगमधून क्रमांक उचलून तो परत आणायचा. खऱ्या धोक्याच्या जागा वेगळ्या आहेत आणि त्या थोड्या आहेत. कमिट न केलेले बदल ‘रिसेट हार्ड’ केल्यावर गेले की गेले. जबरदस्तीचा पुश दुसऱ्याचं काम मुख्य प्रतीतून बाहेर ढकलू शकतो. आणि पासवर्ड एकदा कमिट करून सगळ्यांसमोर पुश केला, की पुढच्या कमिटमध्ये तो खोडून उपयोग नाही. इतिहासात तो राहतोच आणि प्रत्येक क्लोनबरोबर जातो. तो पासवर्ड तडक बदलायचा.

जुन्या नोट्समुळेही नवखी मुलं विनाकारण अडतात. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर पुश करताना खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन किंवा एसएसएच किल्ली लागते. त्याआधीचा व्हिडिओ पाहणाऱ्याचा पहिलाच पुश फसतो आणि त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. २०२० पासून गिटहबवर नव्या रेपोच्या पहिल्या ब्रँचचं नाव ‘मास्टर’ ऐवजी ‘मेन’ असतं. एकट्या ‘चेकआउट’वर पडलेली बरीच कामं विभागण्यासाठी ऑगस्ट २०१९ मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ आले. शिकवताना तेच आधी शिकवावेत. प्रयोगवहीचं पान बदलायला वेळ लागतो हे मान्य, पण फळा रोज पुसता येतो.

शेवटी बाहेरच्या जगात पाऊल टाकताना. २०२४ मध्ये एक्स्प्रेस या प्रसिद्ध खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर पुल रिक्वेस्टचा पूर आला. बहुतेकींमध्ये एवढंच होतं की कोणीतरी ‘रीडमी’ फाइलमध्ये स्वतःचं नाव लिहिलंय. आपल्याच देशातल्या एका लोकप्रिय धड्यात पुल रिक्वेस्ट कशी करायची हे त्या खऱ्या प्रकल्पावर करून दाखवलं होतं आणि शिकणाऱ्या मुलांनी जसंच्या तसं केलं. फुकट वेळ देऊन तो प्रकल्प सांभाळणाऱ्यांना त्या एकेक बंद करत बसावं लागलं. मुलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना बटण कुठे आहे ते शिकवलं होतं, पलीकडे माणूस बसलाय हे शिकवलं नव्हतं. सराव आपल्या किंवा आपल्या मित्राच्या रेपोवर करावा. नंतर ज्या प्रकल्पाचा आपण खरोखर वापर करतो तिथे जावं, त्यांची योगदानाची सूचनाफाइल वाचावी, आधीच कोणी तेच काम घेतलंय का ते बघावं, आणि एखादी खरी चूक सापडली तर तेवढीच दुरुस्त करून पाठवावी. मराठी मुलांना अशी जागा शोधायला फार वणवण करावी लागत नाही. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँट गिटहबवर खुला आहे, आणि अनेक खुल्या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरांत चुका दिसतात. डोंबिवलीतल्या मुलाला एखाद्या मेनूमधलं मराठी वाक्य खटकलं, तर ते सुधारण्याचा अधिकार आणि साधन दोन्ही त्याच्याजवळ आहे. कमिटच्या संदेशात फक्त ‘बदल केला’ असं लिहू नये. जुनं वाक्य का चुकीचं होतं आणि नवं का बरोबर आहे, हे दोन ओळींत लिहावं. म्हणजे मराठी न येणारा तिकडचा माणूसही ते वाचून होकार देऊ शकेल.